हातभाल्याने मासेमारी : सिडनीत परवान्यापासून ताटापर्यंत

ऑक्टोबरात परवाना काढला, मार्चमध्ये पहिला मासा घरी आला. मधले महिने फॉर्म, डॉक्टर, कान, श्वास आणि खिसा यांच्यात गेले. सिडनीतल्या मराठी मंडळींत गळ टाकून बसणारे पुष्कळ आहेत, पण पाण्यात उतरून भाल्याने मासा मारणारे क्वचितच भेटतात. त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे विचारायलाही माणूस सापडत नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने, खर्चासकट लिहून ठेवते आहे. नियम न्यू साउथ वेल्सचे आहेत, डॉलर ऑस्ट्रेलियन. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथले नियम पाहा. भाला आणि पाणी मात्र सगळीकडे सारखंच वागतं.

ऑक्टोबर : परवाना

हा सगळ्यात सोपा टप्पा. सर्व्हिस एनएसडब्ल्यू या राज्य सरकारच्या सेवा-संकेतस्थळावर 'रिक्रिएशनल फिशिंग फी' भरायची. तीन दिवसांचे ७ डॉलर, महिन्याचे १४, वर्षाचे ३५ आणि तीन वर्षांचे ८५. गळाला वेगळा आणि भाल्याला वेगळा असा परवाना नाही, एकच दोन्हीला चालतो. १८ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. मी वर्षाचा घेतला. पावती फोनमध्ये ठेवा, कारण फिशरीज ऑफिसर खडकापर्यंत चालत येतात आणि खरोखर विचारतात.

वेळ जातो तो नियम वाचण्यात, आणि तिथे घाई करू नका. गळाला लागलेला लहान मासा सोडून देता येतो. भाला लागलेला मासा सोडून उपयोग नाही, तो मरतोच. म्हणजे कोणता मासा आणि किती मोठा, हे भाला सुटण्याआधी ठरलेलं असायला हवं. येलोटेल किंगफिश किमान ६५ सेंटिमीटर, दिवसाला माणशी पाच. ब्रीम २५ सेंटिमीटर, दहा. लुडरिक २७ सेंटिमीटर, दहा. ही यादी आणि मनाईच्या जागांचे नकाशे फिशस्मार्ट ॲपमध्ये आहेत. आकडे अधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्याआधी ॲपच उघडायचं, जुन्या आठवणीवर जायचं नाही.

पाठीवर हवेची टाकी लावून भाला चालवायला बंदी आहे, मासे मारायचे तर एका श्वासात. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यासमोर भाला चालत नाही, फक्त पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे शेवटचे २० मीटर मोकळे. मॅन्लीजवळच्या कॅबेज ट्री बेसारख्या राखीव ठिकाणी काहीच मारता येत नाही. ब्लू ग्रोपर हा या राज्याचा राज्यमासा. मोठा, निळा, माणसाला न घाबरता जवळ येणारा. भाल्याने तो मारायला आधीपासूनच मनाई होती. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण सिडनीतल्या क्रोनुलाला एक ओळखीचा झालेला ग्रोपर भाल्याने मारला गेला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि २०२४ पासून गळालाही बंदी आली. नर निळा असतो, पण मादी आणि पिल्लं तपकिरी-लालसर असतात आणि नवखा माणूस फसतो तो तिथेच. ब्लॅक रॉककॉड आणि ग्रे नर्स शार्कही संरक्षित आहेत.

आणखी एक गोष्ट परवान्यावर लिहिलेली नसते. सिडनी हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला कोणताही मासा खाऊ नये, असा सरकारी सल्ला आहे. तळाच्या गाळात डायॉक्सिन आहे. पुलाच्या पूर्वेलाही महिन्याला १५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका म्हणतात. घरात लहान मुलं असतील तर सरळ बाहेरच्या समुद्रावर जा.

वरून फेकला तर?

नियम वाचता वाचता मनात येतंच, की हे बुडी वगैरे कशाला, खडकावर उभं राहून वरूनच भाला फेकला तर? बॉटनी बेच्या काठावर हजारो वर्षं तेच चालत होतं. त्या खाडीचं मूळ नाव कामाय. २९ एप्रिल १७७० ला ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकची माणसं तिथे उतरली आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या, ग्वीगल लोकांच्या वस्तीतून सुमारे ४० भाले उचलून घेऊन गेली. त्यातले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात उरले होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ला पेरूझच्या आदिवासी समाजाला परत मिळाले. भाल्याचा दांडा ग्रास ट्री नावाच्या झाडाच्या फुलोऱ्याच्या सरळ, हलक्या देठाचा. पुढे लाकडाचे तीन-चार काटे, काट्यांच्या टोकाला हाड, आणि सांधे त्याच झाडाच्या डिंकाने पक्के केलेले. काटे बाहेरच्या बाजूला फाकलेले असतात, त्यामुळे नेम तळहाताएवढा चुकला तरी मासा दोन काट्यांच्या मधे अडकतो.

हवेतून फेकलेल्या भाल्याचा प्रश्न पाण्याच्या पृष्ठभागावर सुरू होतो. प्रकाश वाकतो. सरळ खाली पाहिलं तर मीटरभर खोलीवरचा मासा पाऊण मीटरवर दिसतो, आणि नजर जितकी तिरपी तितका तो आणखी वर उचलल्यासारखा दिसतो. म्हणून दिसतो त्याच्या खाली नेम धरायचा. खात्री करायची असेल तर बादलीच्या तळाला नाणं टाका, बाजूला उभं राहून तिरपी नजर ठेवा आणि लांब काठीने एका झटक्यात नाण्याला शिवायला जा. काठी नाण्याच्या पलीकडे टेकते. किती खाली धरायचं हे खोलीवर आणि नजरेच्या कोनावर ठरतं, ते सूत्राने जमत नाही; लहानपणापासून काठावर उभं राहणाऱ्याच्या हातातच ते असतं.

पाण्याखाली ही अडचण नाही, कारण भाला आणि मासा दोघंही पाण्यात असतात आणि सारखेच सरकलेले दिसतात. तिथे भाला फेकताच येत नाही, ही खरी अडचण. समुद्राचं पाणी हवेच्या आठशे पटींहून जड. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट होतो. हवेत फेकायचा भाला हाताच्या झोक्यावर उडतो. ऑस्ट्रेलियातला वूमेरा, म्हणजे भाल्याच्या बुडाला अडकवायची फळी, हाताची लांबी वाढवून तो झोका आणखी मोठा करतो. पाण्यात झोकाच घेता येत नाही. हात वेग घेण्याआधीच दमतो, आणि सुटलेला भाला हातभर जाऊन थांबतो. म्हणून पाण्याखाली जोर रबराचा असतो. रबर सावकाश ताणायचं आणि साठलेली सगळी ताकद एका क्षणात सोडायची.

रबरावर चालणारी तीन हत्यारं मिळतात. स्पिअरगनला घोडा असतो आणि तिचा पल्ला सगळ्यात लांब. हवाईयन स्लिंगमध्ये भाला एका नळीतून गलोलीसारखा सुटतो आणि हातातून पूर्ण निघून जातो. तिसरा साधा हातभाला, ज्याला इथे हँड स्पिअर म्हणतात. त्याच्या बुडालाच रबराची फास बांधलेली असते. मी हातभाला निवडला. मूठ आवळलेली असेपर्यंतच तो ताणलेला राहतो, हात सैल केला की संपलं. विसरून भरलेला राहिला, असं होत नाही. स्वस्तही आहे. पल्ला मात्र टोकाच्या पुढे जेमतेम हात-दीड हात, त्याहून लांबचा मासा नुसता बघायचा. पुढचं सगळं शिक्षण त्यासाठीच आहे: त्या हात-दीड हाताच्या आत जाऊन पोचणं.

नोव्हेंबर : डॉक्टर

श्वास रोखून बुडी मारायच्या कोर्सशिवाय भाला विकत घेऊ नका, हे माझं ठाम मत. कोर्सआधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. पहिल्या पानावर १० प्रश्न: दमा, हृदय, फिट, कान-सायनस, पाठ, नेहमीची औषधं वगैरे. काही प्रश्नांना 'हो' लिहिलं की थेट डॉक्टरची सही लागते, काहींना पुढच्या पानावर सविस्तर विचारतात. माझ्या सायनसच्या जुन्या शस्त्रक्रियेमुळे सही लागली. नेहमीच्या डॉक्टरांनी डायव्हिंगची तपासणी करणाऱ्यांकडे पाठवलं, त्यांची वेळ मिळायला दोन आठवडे लागले आणि ११० डॉलर गेले. त्यांनी कानात पाहिलं, नाक दाबून हवा ढकलायला लावली, कानाचा पडदा हलतो का ते बघितलं, फुप्फुसांची फुंकर मोजली.

प्रश्नावली आधी उतरवून घ्या, सही मिळवा, आणि मगच कोर्सचे पैसे भरा. डिसेंबर-जानेवारीतले शनिवार-रविवार लवकर भरतात आणि ऐन वेळी तारीख बदलली की बरेच जण पैसे कापतात. 'नाही' लिहून वेळ वाचवायचा मोह होतो. पण सर्दीत बंद पडलेल्या सायनसला १० मीटरवर काय होतं, ते फॉर्म भरताना कळत नाही.

डिसेंबर : श्वास आणि कान

कोर्स दोन दिवसांचा, ५४० डॉलर. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेची पहिली पातळी: पाण्यात स्थिर राहून दीड मिनिट श्वास रोखणं, तरणतलावात एका श्वासात २५ मीटर आडवं जाणं आणि समुद्रात दोरीला धरून १० ते १६ मीटर खोल. भाल्याचं यात काही शिकवत नाहीत. एसएसआय, आयडाचे कोर्सही असेच, आकडे थोडे वेगळे.

दीड मिनिट ऐकायला भीतिदायक वाटतं, पण तो भाग लवकर जमतो. कान लवकर जमत नाहीत. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, आणि त्यातला सगळ्यात जाचक भाग पहिल्या तीन-चार मीटरांत असतो. विमानात नाक दाबून फुंकतो तसं छातीने फुंकणं डोकं वर असताना चालतं. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत चालत नाही. तिथे घसा बंद करून जिभेच्या मुळाने तोंडातली हवा नाकाकडे ढकलावी लागते. याला फ्रेंझेल म्हणतात. हे कोरड्यावर शिकायचं. नाक दाबा, श्वास सगळा सोडून द्या, आणि छाती न हलवता 'क' म्हणायच्या बेतात जीभ वर ढकला. कानात टक् झालं की बरोबर. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये, भांडी घासताना, रोज. पाण्यात दर मीटरला, दुखायच्या आधी करायचं. दुखलं की वर यायचं, ढकलाढकली करायची नाही. वाकून उतरताना समोरचा तळ बघायला मान वर केली तर घशाची नळी ताणली जाते आणि कान उघडत नाहीत. आमच्या तुकडीतल्या निम्म्या लोकांचं घोडं तिथेच अडलं होतं. हनुवटी छातीकडे घेतल्यावर ते सुटलं.

मास्कमध्येही दाब बसतो, म्हणून उतरताना नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडायची. पोहण्याचा चष्मा याच कारणाने चालत नाही, त्यात नाक नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. श्वास रोखल्यावर जी घुसमट होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले तर तो उडून जातो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे घुसमट उशिरा जाणवते आणि ऑक्सिजन आपल्या वेळेला संपतो. खाली असताना दाबामुळे उरलासुरला ऑक्सिजन मेंदूला पुरतो. वर येताना दाब झपाट्याने उतरतो, आणि शेवटच्या काही मीटरांत किंवा पृष्ठभागावर पहिला श्वास घेतल्यावरसुद्धा माणूस काही न जाणवता शुद्ध हरपतो. भाल्याच्या मासेमारीत जीव जातात त्यांत हे एक मोठं कारण. पट्टीचे पोहणारेही जातात, कारण मासा समोर असला की 'आणखी दोन सेकंद' वाटतंच.

म्हणून आमचे नियम असे: दोन मिनिटं पोटाने सावकाश श्वास, मग एक खोल श्वास आणि बुडी. बुडी ३०-४० सेकंदांची. वर राहण्याचा वेळ बुडीच्या निदान दुप्पट. एक खाली, एक वर. वरची खालचीवर नजर ठेवते, आणि ती वर आल्यावरही ३० सेकंद तिच्या तोंडाकडे बघत राहते. शुद्ध गेलीच तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, गालावर थापटायचं, डोळ्यांवर फुंकर मारायची आणि नाव घेऊन 'श्वास घे' म्हणायचं. दोघींत भाला एकच. दोघींकडे भाले असले की दोघीही खाली जातात.

जोडीदार नसेल तर क्लब शोधा. इथली अंडरवॉटर स्किनडायव्हर्स अँड फिशरमेन्स असोसिएशन १९४८ पासून आहे आणि तिच्याशी जोडलेले क्लब सिडनीत आहेत. एकटीने उतरू नका, दोन मीटर पाण्यातही नाही.

जानेवारी : सामान

वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, सगळ्यात महाग. ५ मिलिमीटर जाडीचा, टोपीसकट दोन तुकड्यांचा, ३४० डॉलर. आतून उघड्या रबराचा असतो तो कोरडा अंगात चढत नाही. ओढला की नखाने फाटतो. बाटलीत कोमट पाणी आणि थोडा केसांचा कंडिशनर हलवून आत ओतायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी २२-२३ अंशांवर असतं, तेव्हा ३ मिलिमीटरही चालतो. पण उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सलग वाहिला की तळाचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं आणि तासाभरात दातखिळी बसते. पायात घालायच्या लांब प्लास्टिकच्या फिन १५०, कमी हवा मावणारा मास्क आणि नळी ९५, रबरी पट्टा आणि शिसं ११०, तरंगता बोया, झेंडा आणि २५ मीटर दोरी ९०, हातमोजे २०, छोटा सुरा ३५. भाला ८५. एकूण ९२५. मास्क सोडून बाकी बरंच जुनं मिळतं. मास्क मात्र स्वतःच्या तोंडावर लावून, पट्टा न ओढता नाकाने हवा आत खेचून बघा. सोडल्यावर पडला तर तो आपला नव्हे.

शिशाचं वजन अंदाजाने घालू नका. पृष्ठभागावर श्वास सोडून दिल्यावरही तरंगायला हवं आणि साधारण १० मीटरवर ना वर ना खाली असं व्हायला हवं. जास्त वजन घातलं की खाली जाणं सोपं होतं आणि वर येणं अवघड. पट्ट्याचा बकल एका हाताने, न बघता सुटला पाहिजे. तो सगळ्यांत वर बांधायचा, त्यावर दुसरं काही नाही.

भाला २.१ मीटरचा फायबरग्लासचा, तीन तुकड्यांत, पुढे तीन काट्यांचं टोक. लहान-मध्यम माशांना आणि खडकाजवळ हेच बरं. एकाच टोकाचा, मागे पडणारी पाकळी असलेला भाला जाड माशाला चांगला बसतो, पण खडकावर आपटला की टोक बोथट. टोकाचे आणि दांड्याचे आटे जुळतात का ते दुकानातच फिरवून बघा. ६ मिलिमीटरचे आणि इंची आटे दोन्ही बाजारात आहेत आणि दिसायला सारखेच. आट्यांवर नळवाले वापरतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळली की पाण्यात टोक फिरून गळत नाही.

सराव मैत्रिणीच्या घरामागच्या तरणतलावात केला. सार्वजनिक तलावात भाला नेऊ देत नाहीत. काट्यांवर बुचं घट्ट बसवली, नाहीतर फरशी फुटते. फोमच्या तुकड्याला शिसं बांधून तो पाण्यात मधोमध लोंबकळत ठेवला.

कृती अशी. रबराची फास अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात अडकवायची. तोच हात दांड्यावरून पुढे सरकवत न्यायचा, दुसऱ्या हाताने दांडा मागे धरून मदत करायची, आणि रबर पुरतं ताणल्यावर मूठ आवळायची. हात समोर लांब, कोपर किंचित वाकलेलं, मनगट ताठ. टोक आणि मासा एका रेषेत आले की बोटं सैल सोडायची. बस्स. हाताने पुढे ढकलायचं नाही. सुरुवातीला सगळे ढकलतात आणि भाला खाली जातो, कारण ढकलताना मनगट मोडतं. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे रबर ताणून मासा शोधत फिरणं. मिनिटभरात हाताला गोळा येतो, आणि ताणलेला हात बघून मासे लांब राहतात ते वेगळंच. मासा दिसल्यावर, तळाशी पोचल्यावर ताणायचं.

फेब्रुवारी : खडकाच्या कडेला

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दक्षिण सिडनीचा खडकाळ किनारा, चार ते सात मीटर पाणी. जाण्याआधी हवामान खात्याचा सागरी अंदाज बघायचा: लाट एक मीटरच्या आत आणि वारा जमिनीकडून, म्हणजे पश्चिमेचा. मोठा पाऊस पडला की उघड्या समुद्रावर एक दिवस आणि हार्बर-खाडीत तीन दिवस पाण्यात जाऊ नये. सांडपाणी येतं, आणि गढूळ पाण्यात काही दिसतही नाही. पोचल्यावर लगेच उतरायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं खडकावर उभं राहून लाटांचा मोठा घोळका कधी येतो ते बघायचं, आणि बाहेर कुठून यायचं ते आधी ठरवायचं. आत जाणं सगळीकडून जमतं. काट्यांवर बूच, रबर सैल. ताणायचं ते फक्त पाण्याखाली.

पहिल्या काही फेऱ्यांत भाला नेलाच नाही, नुसतं बघितलं. हे सगळ्यांनी करावं. मास्कमधून पाण्यात सगळं एक तृतीयांश मोठं आणि पाव हिश्श्याने जवळ दिसतं. म्हणजे २५ सेंटिमीटरचा ब्रीम ३३ चा भासतो, आणि टप्प्यात वाटलेला मासा खरं तर बाहेर असतो. उपाय सोपा: भाल्याच्या दांड्यावर पुढच्या बाजूला २५, ३० आणि ६५ सेंटिमीटरवर रंगीत टेप लावून ठेवली. टेपही पाण्यात तेवढीच मोठी दिसते, त्यामुळे मासा दांड्याशेजारी आला की माप चुकत नाही.

माशाच्या मागे पोहणं व्यर्थ आहे, तो नेहमीच जास्त वेगाने जातो. पृष्ठभागावर फिनचा चपचप आवाज झाला तरी खालचे मासे सरकतात. कमरेत वाकून, पाय सरळ हवेत उचलून, पायांच्या वजनानेच खाली जायचं. फिन पाण्याखाली गेल्यावरच हलवायच्या. माशावर सरळ उतरायचं नाही, दोन-तीन मीटर बाजूला तळाशी जायचं, खडकाला धरून पडून राहायचं आणि त्याच्याकडे रोखून बघायचं नाही. नखाने खडक खरवडला किंवा मूठभर वाळू उडवली की काही मासे चौकशीला स्वतः येतात. लुडरिक थव्याने फिरतात आणि एक भडकला की सगळे जातात. लेदरजॅकेट कुतूहलाने जवळ येतो. रेड मॉरवाँग खडकाच्या कपारीखाली बसून असतो, हलायला कंटाळा करतो, नवख्यांसाठी तोच.

तळाला हात लावताना बघून लावा. लांब काट्यांचे काळे सी अर्चिन भेगाभेगांत असतात, काटा हातमोज्यातून आत जाऊन तुटतो. वॉबेगाँग शार्क गालिच्यासारखा तळाशी पडलेला असतो. त्याच्यावर हात पडला तर चावतो आणि सोडत नाही.

मार्च : मासा

नेम पोटावर धरायचा नाही. मांस मऊ, काटे फाडून निघतात आणि जखमी मासा कपारीत शिरून मरतो. कल्ल्याच्या झाकणाच्या मागे, शरीराच्या मध्यरेषेच्या जरा वर, जिथे कणा आहे तिथे. बाजूने, टोक जवळजवळ टेकेल इतक्या जवळून. रेड मॉरवाँग कपारीच्या तोंडाशी आडवा होता, दांड्यावरच्या ३० च्या खुणेच्या पुढे त्याची शेपटी जात होती. बोटं सैल केली. खट् असा आवाज हाडातून कळतो. कण्याला लागलं की मासा एकदा थरथरतो आणि ताठ होतो. तीन काट्यांना मासा अडवणारी, मागे वळलेली नखी नसते, म्हणून लगेच वर उचलायचं नाही. भाला खडकाकडे दाबून धरायचा, दुसरा हात दांड्यावरून पुढे न्यायचा आणि बोटं कल्ल्यात घालायची. मगच वर. डोळ्यांना तो ४५ सेंटिमीटरचा दिसला, पट्टीवर ३४ भरला.

वर आल्यावर सुऱ्याचं टोक डोळ्याच्या मागे, जरा वरच्या बाजूला घालून मेंदू भेदायचा; मासा तत्क्षणी मरतो आणि मांस घट्ट राहतं. रक्त काढायला कल्ले कापायचे ते काठावर, बादलीत. मासे कमरेला बांधून पोहू नका, बोयाच्या दोरीला अडकवा. रक्ताच्या वासाने कोणी आलं तर ते बोयाकडे जाऊ दे. शीतपेटीत दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी. नुसत्या बर्फापेक्षा त्यात मासा लवकर गार होतो.

लुडरिक शेवाळ खातो, त्याची आतडी तासाभरात मांसाला वास लावतात, म्हणून ती काठावरच काढायची आणि पोटातला काळा पापुद्रा खरवडून टाकायचा. आतडी-कल्ले काढायला परवानगी आहे. तुकडे किंवा फिले मात्र पाण्याजवळ करता येत नाहीत, कारण अधिकाऱ्याला माप घेता आलं पाहिजे. लेदरजॅकेटच्या डोक्यावरचा काटा आधी तोडायचा, मग कातडी एका ओढीत निघते. त्याचं पांढरं मांस हळद-मीठ-आगळ लावून रव्यात तळायला उत्तम. मॉरवाँगची कातडी काढून टाकली की तिखल्याला चालतो. तिरफळं इथल्या भारतीय दुकानात नेहमी मिळत नाहीत, येताना गावाहून आणलेली जपून वापरावी लागतात.

घरी आल्यावर भाला सुटा करून गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवायचा. मीठ आट्यांत सुकलं की पुढच्या वेळी टोक पक्कडीनेही फिरत नाही. काटे वाकले असतील तर पाइपाच्या तुकड्याने सरळ करायचे, कानशीने टोकं घासायची, आट्यांना चिमूटभर ग्रीस. रबर सावलीत, न ताणता टांगायचं. उन्हाने आणि सनस्क्रीनच्या तेलाने ते चिकट होतं, मग गाठीजवळ बारीक चिरा दिसतात. अशा चिरा दिसल्या की ते तुटायची वाट बघू नका. ताणलेलं रबर तुटलं की मागे तोंडावरच येतं. मीटरभर रबर १५ डॉलरला मिळतं, त्यात दोन फास होतात.